जिवाणूंची ओळख डीएनएवरून : नमुन्यापासून नावापर्यंत

चंडीगड : या शहरात पत्ता सांगताना रस्त्याचे नाव क्वचितच घ्यावे लागते. सेक्टरचा क्रमांक, त्यातील अ, ब, क, ड यांपैकी भाग आणि घराचा क्रमांक एवढे पुरते. शहर वसू लागले तेव्हा सर्वांत आधी उभ्या राहिलेल्या वस्त्यांमध्ये सेक्टर २२ चा समावेश होता. दुकाने, घरे, शाळा आणि नागरी रुग्णालय यांनी गजबजलेल्या या भागात नुसते ‘सेक्टर २२’ म्हटल्याने पाहुणा योग्य वस्तीत पोहोचतो, योग्य दारात मात्र पोहोचत नाही.

मानवी शरीरातील जिवाणूंची डीएनएवरून ओळख पटवण्याचे काम बरेचसे असेच आहे. जिवाणूच्या एखाद्या जनुकातील अक्षरांचा क्रम वाचला की तो कोणत्या ‘वस्तीतला’ हे काही तासांत कळू शकते. त्याचे नेमके ‘घर’ कळण्यासाठी आणखी जनुके वाचावी लागतात आणि हाताशी विश्वासार्ह नकाशाही असावा लागतो. हा नकाशा म्हणजे आधी ओळख पटलेल्या जिवाणूंचा संग्रह. भारतातील असे दोन महत्त्वाचे संग्रह चंडीगड आणि पुणे येथे आहेत. उपचार नावावर अवलंबून असतात आणि नाव संग्रहावर, त्यामुळे हा विषय प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहत नाही.

संवर्धन पद्धत आणि तिच्या मर्यादा

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. त्याच अभ्यासानुसार मानवी पेशींची संख्या सुमारे ३० लाख कोटी भरते. बहुतांश जिवाणू मोठ्या आतड्यात असतात. उरलेले त्वचा, तोंड, नाक, घसा व जननमार्गात राहतात. यांतील बहुसंख्य निरुपद्रवी किंवा उपयुक्त असतात, थोडे संधी मिळताच आजार निर्माण करतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जिवाणू ओळखण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे संवर्धन, अर्थात ‘कल्चर’. रुग्णाचे रक्त, लघवी, थुंकी किंवा पू पोषक माध्यमावर पसरून ठेवतात. वाढलेल्या वसाहतींचा रंग व आकार पाहिला जातो, ग्रॅम रंजन केले जाते आणि जिवाणू कोणती शर्करा पचवतो, कोणते विकर तयार करतो याच्या चाचण्या होतात. या गुणांच्या बेरजेवरून नाव ठरते.

ही पद्धत स्वस्त असून आजही अपरिहार्य आहे. जिवंत जिवाणू हाती आल्यावरच त्यावर वेगवेगळी प्रतिजैविके थेट वापरून पाहता येतात. मात्र तिच्या मर्यादाही ठळक आहेत. क्षयाचा जिवाणू घन माध्यमावर दिसू लागण्यास अनेक आठवडे घेतो. आतड्यातील कित्येक जिवाणू प्राणवायूच्या संपर्कात येताच मरतात. काही जिवाणू सजीव पेशींच्या आतच वाढतात, त्यामुळे नेहमीच्या माध्यमावर ते उगवतच नाहीत. रुग्णाला नमुना देण्याआधीच प्रतिजैविक मिळाले असेल, तर संसर्ग असूनही ‘वाढ आढळली नाही’ असा अहवाल येऊ शकतो.

सर्व जिवाणूंत आढळणारे एक जनुक

या कोंडीतून वाट निघाली ती उत्क्रांतीच्या अभ्यासातून. प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करणारे रायबोसोम असतात. जिवाणूंच्या रायबोसोममधील एका आरएनए रेणूला ‘१६एस’ म्हणतात. अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये या प्रकारच्या रेणूंची तुलना करून सजीवांची नाती मांडली. जिवाणूंसारखे दिसणारे काही सूक्ष्मजीव प्रत्यक्षात ‘आर्किया’ या वेगळ्याच शाखेतील आहेत, हे त्यातून पुढे आले.

ओळख पटवण्यासाठी १६एस जनुक सोयीचे ठरण्याची तीन कारणे आहेत. ते सर्व जिवाणूंमध्ये असते. त्याची लांबी सुमारे १,५०० अक्षरे, म्हणजे वाचण्याजोगी आहे. तिसरे कारण त्याच्या रचनेत आहे. त्याचे काही भाग जवळपास सर्व जिवाणूंत सारखे असतात, तर त्यांच्या मधले नऊ भाग प्रजातीनुसार बदलतात. सारख्या भागांचा उपयोग हे जनुक पकडण्यासाठी होतो आणि बदलत्या भागांचा उपयोग जिवाणू वेगळा काढण्यासाठी.

१९७७ मध्येच फ्रेडरिक सँगर यांनी डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचण्याची कार्यक्षम पद्धत दिली. १९८३ मध्ये केरी मलिस यांना डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआरची कल्पना सुचली. ही तिन्ही कामे एकत्र आली आणि जिवाणू न वाढवताही त्याची ओळख पटवणे शक्य झाले.

या शक्यतेची खूण पटवणारे एक उदाहरण व्हिपल आजाराचे आहे. अमेरिकी वैद्य जॉर्ज व्हिपल यांनी १९०७ मध्ये या दुर्मीळ आजाराचे वर्णन केले होते. रुग्णांच्या ऊतींत जिवाणूंसारखे कण दिसत, पण ते प्रयोगशाळेत वाढत नसत. १९९२ मध्ये संशोधकांनी रुग्णाच्या ऊतीतून १६एस जनुक मिळवून वाचले आणि तोवर अज्ञात असलेल्या जिवाणूची नोंद केली. तो प्रयोगशाळेत सातत्याने वाढवता येण्यास २००० साल उजाडले. आजाराचा कारक आधी डीएनएतून समजला आणि प्रत्यक्ष हाती नंतर लागला.

प्रयोगशाळेतील टप्पे

पहिला टप्पा नमुना घेण्याचा. तो योग्य जागेवरून, निर्जंतुक साधनाने आणि शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी घेतला जातो. त्यानंतर जिवाणूंच्या पेशी फोडून डीएनए वेगळा करतात. जाड पेशीभित्ती असलेल्या जिवाणूंसाठी बारीक मण्यांसह घुसळण्यासारखे उपाय योजावे लागतात. हे नीट झाले नाही, तर ते जिवाणू नमुन्यात असूनही निकालात दिसत नाहीत.

पुढचा टप्पा पीसीआरचा. १६एस जनुकाच्या सारख्या भागांना चिकटणारे लहान डीएनए तुकडे, म्हणजे ‘प्रायमर’, नमुन्यात मिसळतात आणि मिश्रण ठरावीक क्रमाने तापवून थंड करतात. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांनंतर एका तुकड्याच्या, तत्त्वतः, शंभर कोटींहून अधिक प्रती तयार होतात. या क्रियेत वापरले जाणारे उष्णतेला न जुमानणारे विकरही मूळचे एका जिवाणूचे आहे. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाच्या उष्ण झऱ्यांत तो सापडला होता.

तिसरा टप्पा क्रम वाचण्याचा. नमुन्यात एकच जिवाणू असेल तर सँगर पद्धत पुरेशी ठरते. विष्ठा किंवा लाळ यांसारख्या, शेकडो प्रकारच्या जिवाणूंनी भरलेल्या नमुन्यासाठी लाखो तुकडे एकाच वेळी वाचणारी यंत्रे वापरतात. शेवटी वाचलेला क्रम संगणकीय संग्रहातील ज्ञात क्रमांशी ताडून पाहिला जातो. एकेकाळी ९७ टक्के साम्य हा जाती ठरवण्याचा ढोबळ निकष होता. पुढे तो सुमारे ९८.७ टक्क्यांवर नेण्यात आला. साम्य याहून कमी असेल तर जिवाणू नव्या जातीचा असण्याची शक्यता तपासली जाते.

तापाचे निदान आणि योग्य औषध

या तंत्राचे व्यावहारिक मोल उत्तर भारतात पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काळात दिसते. चंडीगड शिवालिकच्या पायथ्याशी आहे. सेक्टर १२ मधील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत (पीजीआय) पंजाब, हरियाणा आणि हिमाचल प्रदेशातून रुग्ण येतात. त्यांतील काहींच्या तापाचे कारण स्क्रब टायफस असते. झुडपांत आढळणाऱ्या माइट या सूक्ष्म जीवाची अळी चावल्याने हा संसर्ग होतो. महाराष्ट्रालाही तो अपरिचित नाही. २०१८ मध्ये नागपूरसह विदर्भात त्याचा उद्रेक होऊन रुग्ण दगावले होते.

या आजाराचा जिवाणू ‘ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी’ पेशींच्या आतच वाढतो. रक्ताच्या नेहमीच्या कल्चरमध्ये तो दिसत नाही. ताप, डोकेदुखी, अंगदुखी ही लक्षणे डेंग्यू, मलेरिया व विषमज्वराशी मिळतीजुळती असतात. चावलेल्या जागी पडणारी काळी खपली ही महत्त्वाची खूण असते, पण ती प्रत्येक रुग्णात आढळत नाही. प्रतिपिंडांवर आधारित रक्तचाचण्या आजाराच्या पहिल्या काही दिवसांत नकारात्मक येऊ शकतात. नेमक्या याच काळात रक्तातील किंवा खपलीतील जिवाणूचा डीएनए पीसीआरने शोधता येतो.

येथे नाव कळण्याला थेट महत्त्व आहे. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतील, तापासाठी सर्रास दिली जाणारी इंजेक्शने या जिवाणूवर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन ही सहज मिळणारी औषधे वेळेत सुरू झाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंड व मेंदूला इजा होऊन मृत्यूही ओढवू शकतो. म्हणूनच लक्षणांवरून दाट संशय असल्यास डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात.

सेक्टर कळला, घर नाही

१६एस जनुकाने प्रत्येक वेळी जातीपर्यंत पोहोचता येत नाही. ‘एश्चेरिशिया कोलाय’ हा आतड्यातील नेहमीचा रहिवासी आणि आमांश घडवणारा ‘शिगेला’ यांची १६एस जनुके इतकी सारखी असतात की केवळ त्यावरून त्यांना वेगळे काढता येत नाही. क्षयाचा जिवाणू आणि त्याचे जवळचे नातलग यांच्या बाबतीतही हेच घडते.

रुग्णालयांच्या दृष्टीने अधिक गंभीर उदाहरण ‘बर्खोल्डेरिया सेपेशिया’ गटाचे आहे. एकमेकांशी जवळचे नाते असलेल्या २० हून अधिक जाती या गटात आहेत. नेहमीच्या चाचण्यांत त्यांची गल्लत ‘स्यूडोमोनास’सारख्या जिवाणूंशी होऊ शकते. प्रतिकारक्षम स्यूडोमोनासवर अखेरचा उपाय म्हणून कोलिस्टिन दिले जाते. बर्खोल्डेरिया मात्र मुळातच कोलिस्टिनला दाद देत नाही. चुकीच्या नावामुळे अतिदक्षता विभागातील रुग्णाला निरुपयोगी आणि मूत्रपिंडांना अपायकारक औषध मिळण्याचा धोका असतो. या गटाच्या ओळखीसाठी ‘रेकए’ हे दुसरे जनुक किंवा अनेक जनुकांचा एकत्रित क्रम वापरतात. भारतीय रुग्णांमधील या गटाच्या अभ्यासात पीजीआयच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी काम केले आहे.

याही पुढची पायरी म्हणजे जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचणे. स्वतंत्रपणे जगणाऱ्या सजीवाचा पहिला संपूर्ण जनुकसंच १९९५ मध्ये वाचण्यात आला. तो ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झी’ या जिवाणूचा असून त्यात सुमारे १८ लाख ३० हजार अक्षरे आहेत. आज दोन जिवाणूंच्या जनुकसंचांतील सरासरी साम्य ९५ ते ९६ टक्क्यांहून अधिक असल्यास ते एकाच जातीचे मानले जातात. संपूर्ण जनुकसंचातून वाण ओळखता येतो, तसेच रुग्णालयातील एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर संसर्ग कसा गेला याचाही माग काढता येतो.

एकच प्रश्न विचारणाऱ्या चाचण्या

प्रत्येक वेळी संपूर्ण ओळखपरेड करावी लागत नाही. विशिष्ट जिवाणू आहे की नाही एवढेच विचारणाऱ्या चाचण्या भारतात तालुका पातळीपर्यंत पोहोचल्या आहेत. क्षयरोगासाठी ‘सीबीनॅट’ या नावाने परिचित असलेल्या चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिली. थुंकीतील जिवाणूचे ‘आरपीओबी’ जनुक तपासून ती सुमारे दोन तासांत क्षयाचा जिवाणू आहे का आणि तो रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला प्रतिकार करतो का, हे सांगते.

‘ट्रूनॅट’ ही याच उद्देशाची भारतीय चाचणी गोव्यातील मोलबायो डायग्नोस्टिक्स या कंपनीची आहे. बॅटरीवर चालणारे तिचे यंत्र वातानुकूलित प्रयोगशाळा नसलेल्या आरोग्य केंद्रातही वापरता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिच्या वापराची शिफारस केली. मोठ्या रुग्णालयांत आता ‘माल्डी-टॉफ’ यंत्रेही दिसतात. त्यांत डीएनएऐवजी प्रथिनांच्या वजनाचा आलेख पाहिला जातो आणि वाढलेल्या वसाहतीचे नाव काही मिनिटांत मिळते.

नकाशा कोणाच्या शरीराचा?

या सर्व पद्धतींची एक गरज समान आहे. वाचलेला क्रम किंवा आलेख कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. ज्याची नोंद संग्रहात नाही, त्याचे नाव यंत्र देऊ शकत नाही. फार तर सर्वांत जवळच्या नातलगाचे नाव देते.

निरोगी शरीरातील जिवाणूंची पहिली मोठी गणना म्हणजे अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेला ‘ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट’. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रमुख निष्कर्षांचा आधार ह्यूस्टन आणि सेंट लुईस या दोन शहरांतील २४२ निरोगी प्रौढांचे नमुने होता. आहार, पाणी, हवामान आणि प्रतिजैविकांचा वापर यांनुसार शरीरातील जिवाणू बदलतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत भारतीयांच्या आतड्यात ‘प्रिव्होटेला’ आणि ‘मेगास्फेरा’ या प्रजातींचे प्रमाण अधिक आढळले. निरोगी भारतीयांच्या विष्ठेतून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूला २०१४ मध्ये ‘मेगास्फेरा इंडिका’ हे नाव मिळाले. प्राणवायूत तग न धरणाऱ्या या जिवाणूचे वर्णन पुण्यातील संशोधकांनी केले होते.

नव्या जातीचे नाव अधिकृत होण्यासाठी केवळ डीएनएचा क्रम प्रसिद्ध करणे आंतरराष्ट्रीय नामकरण नियमांनुसार पुरेसे नसते. त्या जातीचा जिवंत आदर्श नमुना किमान दोन वेगवेगळ्या देशांतील सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे कोणत्याही संशोधकाला तो मागवून पडताळून पाहता येतो. चंडीगडच्या सेक्टर ३९-ए मधील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेची (इमटेक) स्थापना १९८४ मध्ये झाली आणि तेथील ‘एमटीसीसी’ हा जिवाणूसंग्रह १९८६ मध्ये सुरू झाला. बुडापेस्ट करारान्वये पेटंटसाठी सूक्ष्मजीव स्वीकारण्याचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळवणारा तो २००२ मध्ये भारतातील पहिला संग्रह ठरला. २०११ मध्ये हा दर्जा पुण्याच्या संग्रहाला मिळाला. हा संग्रह आज राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र या नावाने ओळखला जातो.

अशा संग्रहांत जिवाणू गोठवून, निर्वातात वाळवून काचेच्या बंद कुप्यांत किंवा अतिशीत तापमानात जपले जातात. एखाद्या रुग्णालयाच्या यंत्राने दिलेले नाव बरोबर आहे का, हे तपासण्यासाठी लागणारा प्रमाण नमुना येथूनच मिळतो.

फसवे निकाल

पीसीआरची संवेदनक्षमता हीच तिची अडचणही ठरते. रसायने, हातमोजे आणि हवेतील नगण्य डीएनएच्याही असंख्य प्रती तयार होतात. गर्भवेष्टनात, म्हणजे वारेत, जिवाणूंची स्वतंत्र वसाहत असते असा दावा २०१४ मध्ये एका अमेरिकी अभ्यासाने केला होता. ५०० हून अधिक प्रसूतींमधील नमुन्यांच्या ब्रिटिश अभ्यासात २०१९ मध्ये अशी वसाहत आढळली नाही. सापडलेले बहुतेक क्रम प्रयोगशाळेतील रसायनांतून किंवा प्रसूतीच्या वेळी मिसळलेले होते. सुमारे ५ टक्के नमुन्यांत मात्र नवजात बालकांना घातक ठरू शकणारा एक स्ट्रेप्टोकॉकस खरोखरच आढळला. प्रत्येक फेरीत नमुन्याविना ‘कोरी’ चाचणी करण्याची शिस्त यासाठीच पाळली जाते.

मेलेल्या जिवाणूचा डीएनएही काही काळ टिकतो. क्षयरोगाचे उपचार पूर्ण झालेल्या व्यक्तीची चाचणी त्यामुळे सकारात्मक येऊ शकते. प्रतिकारक्षमतेचे जनुक आढळले म्हणजे ते कार्यरत आहेच, असेही नाही. तसेच जिवाणू आढळणे म्हणजे आजार असणे नव्हे. निरोगी व्यक्तींच्या नाकात किंवा घशातही रोगकारक जातींचे जिवाणू राहू शकतात.

अहवाल वाचताना

अहवालातील नावाचे दोन भाग असतात. पहिला प्रजातीचा, म्हणजे वस्तीचा, दुसरा जातीचा. दुसऱ्या भागाच्या जागी ‘एसपी’ किंवा ‘एसपीपी’ अशी अक्षरे असल्यास जाती निश्चित झालेली नाही, असा अर्थ होतो. ‘कॉम्प्लेक्स’ हा शब्द असल्यास एकमेकांशी जवळचे नाते असलेल्या अनेक जातींपैकी एक, एवढेच समजते. ‘डिटेक्टेड’ म्हणजे डीएनए सापडला. ‘ग्रोन’ किंवा ‘आयसोलेटेड’ म्हणजे जिवंत जिवाणू हाती आला. कोणते औषध चालेल हे सांगणारा स्वतंत्र तक्ता दुसऱ्या प्रकारच्या अहवालासोबत येतो.

विष्ठेच्या नमुन्यावरून शरीरातील जिवाणूंची यादी देणाऱ्या खासगी चाचण्याही आता उपलब्ध आहेत. मात्र निरोगी आतड्यातील जिवाणूंचे एकच सर्वमान्य प्रमाण अद्याप ठरलेले नाही. अशा यादीवरून स्वतःहून औषध घेणे किंवा बंद करणे योग्य ठरत नाही.

सेक्टर २२ सारख्या भागातील नागरी रुग्णालयात येणारा तापाचा रुग्ण असो वा पुण्यातील अतिदक्षता विभागातील, त्याच्या उपचारांची दिशा एका नावावर ठरते. डीएनएने ते नाव शोधण्याचा वेळ आठवड्यांवरून तासांवर आणला आहे. ते नाव खरे ठरवण्याची जबाबदारी अजूनही काळजीपूर्वक घेतलेला नमुना, कोऱ्या चाचणीची शिस्त आणि चंडीगड व पुण्यातील गोठवलेल्या कुप्यांवरच आहे.